कोरियाचा बाजार पाठ, आपला मोंढा मात्र माहीत नाही!

(या भागाची ही लिखित प्रत. बोलले तसंच ठेवलंय, मधले "अं", "हां तर" तेवढे काढले.)

एसटीत बसून ऐकताय, का पिकाला पाणी देता देता, का हॉस्टेलच्या गच्चीवर? कुठंही असा, आज आपल्याला बाजारात जायचंय. पिशवी घ्या सोबत.

झालं असं की गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. आमचं गाव घनसावंगी तालुक्यात. एका रात्री आई-पप्पा अंगणात बसून खर्चाची यादी करत होते. आणि नवरीबाई काय करत होत्या? खाटेवर पडून मोबाईलवर व्हिडिओ बघत होत्या: कोरियात शॉपिंग कुठं कराल! तिला सगळं पाठ. सोलमध्ये ग्वांगजांग नावाचा बाजार आहे, 1905 साली सुरू झालेला, तिथं कापडही मिळतं अन् खायलाही मिळतं. क्रीम-पावडर घ्यायची तर म्योंगदोंग. रात्री कपडे घ्यायचे तर दोंगदेमुन. मी म्हणलं, "बरं बाई, तुझ्या लग्नातल्या वरणाची तूरडाळ कुठून आणायची?" म्हणाली, "दुकानातून." कुठल्या? "असंल कुठलंतरी."

हसू नका. मलाही माहीत नव्हतं. पप्पांनी खरेदीची जबाबदारी माझ्यावर टाकली, कारण काय, तर "तू जालन्यात शिकलीस, तुला शहर माहिती." शहर म्हणजे मला कॉलेज, बसस्टँड आणि एक चहाची टपरी माहीत! आणि पैसे होते कापसाचे. वर्षातून एकदा येतात ते. चुकीच्या जागी गेले की गेलेच, पुढच्या कापसापर्यंत दुसरे येत नाहीत. म्हणून दोन महिने मी पिशवी, वही आणि मोबाईल घेऊन हिंडले. कुठं काय घ्यायचं, कुठं फसायला होतं, हे जे कळलं, तेच आज सांगते.

आठवडी बाजार

सुरुवात आठवडी बाजारापासून. आपल्या जिल्ह्यात आठ तालुके: जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, परतूर, मंठा, अंबड, घनसावंगी. प्रत्येक तालुक्यात मोठ्या गावांचे बाजाराचे वार ठरलेले. आज या गावचा, उद्या त्या गावचा. व्यापारी तेच, टेम्पो तोच, पाल तेच, फक्त गाव बदलतं.

आता गंमत ऐका. कोरियातही अगदी हेच चालतं. तिथं पाच दिवसांचा बाजार असतो, त्याला ओइल्जांग म्हणतात. सोंगनाम शहरातला मोरान बाजार 4 आणि 9 आकड्याच्या तारखांना भरतो. म्हणजे 4, 9, 14, 19, 24, 29. शेजारच्या गावाच्या तारखा वेगळ्या, म्हणजे विकणारा माणूस फिरत राहतो. आपण वारावर चालतो, ते तारखेवर. बहिणीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग कोरियातल्या बाजाराला ट्रॅडिशनल मार्केट म्हणायचं आणि आपल्या बाजाराला नुसता बाजार?" म्हणलं, तेच तर!

माझी आत्या गेली कित्येक वर्षं आठवडी बाजारात भाजी विकती. मी तिच्या शेजारी एक अख्खा दिवस बसले. पहिली गोष्ट कळली ती भवानीची. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. पहिल्या गिऱ्हाइकाला आत्या कधी परत पाठवत नाही, थोडं कमी मिळालं तरी चालतं, पण त्या वेळेला फार ताणून धरलेलंही तिला आवडत नाही. दुसरी गोष्ट उन्हाची. सकाळी मेथी ताजी, भाव पक्का. दुपारी पानं मलूल व्हायला लागली की भाव उतरतो. दिवस मावळताना तर ती ढीग लावून देऊन टाकती, कारण उरलेली भाजी परत न्यायला गाडीभाडं लागतं आणि दुसऱ्या दिवशी ती कुणी घेत नाही.

मी त्या दिवशी दोन जागा सोडून बसलेल्या एका मावशीशी कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करत होते. सकाळी नऊला! आत्यानं हाक मारली. म्हणाली, "घासाघीस करावं माणसानं, पण दुपारनं. आत्ता तिनं लिलावातून माल उचललाय, गाडीभाडं दिलंय, ग्रामपंचायतीची पावती फाडलीय. अजून तिची भवानी बी व्हायचीय." तेव्हापासून माझा नियम: ताजं पाहिजे तर सकाळी जा आणि भाव दे. स्वस्त पाहिजे तर संध्याकाळी जा आणि मिळेल ते घे. सकाळचा माल संध्याकाळच्या भावात मागायचा नाही.

आणि वरची कोथिंबीर! भाजी घेतली की "मावशी, जरा वर टाका की" असं म्हणतो ना आपण? कोरियातल्या जुन्या बाजारातही असं वर टाकतात, त्याला ते दॉम म्हणतात. मॉलमध्ये मात्र दॉम मिळत नाही. ना तिकडं, ना इकडं.

एक सावधगिरी. बाजारात सगळेच साधे नसतात, काटा मारणारेही असतात. इलेक्ट्रिक काटा असेल तर माल ठेवायच्या आधी आकडा शून्य आहे का बघा. रिकामं भांडं किंवा जाड पिशवी मालासोबत मोजली जात नाही ना, ते बघा. वजनमापांना दरवेळी तपासणी करून सरकारी शिक्का मारून घ्यावा लागतो, तो विचारायचा आपल्याला हक्क आहे. लाजायचं नाही. खरा विक्रेता चिडत नाही.

मोंढा

आता मोंढा. जालना म्हणलं की जुनी माणसं लगेच म्हणतात, "जालना सोने का पालना." हे सोनं सराफ्यातलं कमी आणि व्यापारातलं जास्त. कापूस, धान्य, बियाणं, आता सळई. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथंच महिको ही बियाण्याची कंपनी सुरू केली, आणि 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. देशभरचे शेतकरी ज्या शहरातलं बियाणं पेरतात, त्या शहरात राहून आपल्याला मोंढ्यात पाऊल ठेवायला भीती वाटते!

मलाही वाटली. ट्रक, हमाल, आरडाओरडा, सगळे पुरुष. वाटलं, इथं आपलं काय काम? पण पप्पा आपला माल ज्या आडत्याकडं घालतात, त्यांच्याकडं गेले. त्यांनी चहा पाजला आणि सगळं समजावून सांगितलं. लिलावात किलोनं कुणी देत नाही, तो भाव क्विंटलचा. पण आसपास धान्याची ठोक दुकानं असतात, तिथं कट्ट्यानं माल मिळतो. लग्नाचा गहू, तूरडाळ, तांदूळ कट्ट्यानं घेतला तर किरकोळ दुकानापेक्षा चांगलेच पैसे वाचतात. फक्त डाळ हातात घेऊन बघायची, दाण्यावर तुकडा किती, खडा आहे का, वास कसा आहे. आणि हमाली वेगळी का धरून, हे आधीच विचारायचं. मी विचारलं नव्हतं. मग शेवटी हिशोबात हमाली दिसली आणि तोंड एवढंसं झालं.

मोंढा म्हणजे फक्त विकत घ्यायची जागा नाही, हे मला तिथं कळलं. जालन्याच्या बाजार समितीत 2018 पासून रेशीम कोषांची खरेदी सुरू झाली. त्याआधी आपल्याकडचे शेतकरी कोष विकायला कुठं जायचे माहितीय? कर्नाटकात रामनगरला. तेच रामनगर, जिथं "शोले" सिनेमाचं शूटिंग झालं! रात्रभर प्रवास, तिथली भाषा येत नाही, भाव पडला तरी माल परत आणता येत नाही. कोष थांबत नसतो, उशीर झाला तर आतून पतंग बाहेर पडतो आणि धागा तुटतो. बाजार जवळ आला म्हणजे काय झालं? शेतकऱ्याला "आज नको, उद्या विकतो" म्हणायची सोय झाली. हे फार मोठं असतं.

तसंच भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई. तिथला हिरव्या मिरचीचा घाऊक बाजार प्रसिद्ध आहे, तिथून मिरची ट्रक भरभरून परराज्यांत जाते. आणि आपली मोसंबी! जालना मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, ज्याला आपण जीआय टॅग म्हणतो. 2024 साली जालन्याच्या दगडी ज्वारीलाही तो मिळाला. बहिणीच्या सासरची माणसं पुण्याची. आहेरात काय द्यायचं यावर घरात मोठी चर्चा झाली. कुणी म्हणे डिनर सेट, कुणी म्हणे भिंतीवरचं घड्याळ. शेवटी आईनं दगडी ज्वारीची दहा-दहा किलोची पोती दिली. विहीणबाई अजून फोन करून भाकरीचं कौतुक करतात. घड्याळाचं कुणी केलं असतं का?

बस्ता आणि सराफा

कुंडलिका नदीच्या एका अंगाला जुना जालना, दुसऱ्या अंगाला नवा जालना. सराफा, सिंधी बाजार, सदर बाजार, बडी सडक ही नावं तुम्ही ऐकलीच असतील. लग्नाची खरेदी म्हणजे याच भागात पाय दुखेपर्यंत चालायचं.

बस्ता बांधायला आम्ही चौदा जण गेलो. चौदा! गादीवर बसायचं, दुकानदार साड्यांवर साड्या उघडून टाकणार, चहा येणार, एक काकू रुसणार, तिच्यासाठी पुन्हा ढीग उघडायचा. मला वाटायचं, हे सगळं जुनाट आहे, फोनवर दहा मिनिटांत झालं असतं. पण आईला बघत बसले. ती साडी दुकानाच्या दिव्याखाली बघत नाही, दारात उन्हात नेऊन बघती. पदराची उलटी बाजू बघती, धागे लोंबतात का ते. काठ चुरगाळून सोडती. आणि सगळ्यात शेवटी, भाव ठरल्यावर, एकच वाक्य टाकती: "मानाच्या साड्या उरल्या तर घडी न मोडता परत आणीन." दुकानदार हो म्हणाला, बिलावर लिहूनही दिलं. लग्नानंतर सहा साड्या परत गेल्या. पैसे नाही मिळाले, पण त्या बदल्यात दिवाळीचे कपडे आले. ही अट ॲपवर टाकायला जागाच नसते.

आता सोनं. इथं कान देऊन ऐका, कारण इथं चूक झाली तर ती महागाची असते. हॉलमार्क आहे असं नुसतं ऐकून घ्यायचं नाही. दागिन्यावर तीन गोष्टी कोरलेल्या असतात: बीआयएसचं चिन्ह, शुद्धता, जसं 22 कॅरेटला 916, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर हा सहा आकडी क्रमांक लागतोच. फोनवर बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप घ्या, त्यात हा क्रमांक टाका, दागिना कसला आणि किती शुद्धतेचा ते समोर येतं. मी सराफ्यात बसून टाकला. पप्पा कानात म्हणाले, "अगं, त्यांना काय वाटंल?" दुकानदार काका हसले आणि भिंग माझ्या हातात दिलं. म्हणाले, "बघा ना ताई, त्यासाठीच आहे."

दोन गोष्टी अजून. घडणावळ किती, हे सोन्याच्या भावापासून वेगळं लिहून मागा. आणि पक्कं बिल घ्या. कच्च्या चिठ्ठीवर चार पैसे वाचतात, पण उद्या मोड करायची वेळ आली तर हातात काही नसतं.

किराणा आणि सुपरमार्केट

आमच्या गावात एक किराणा दुकान आहे. पेरणीपासून कापूस निघेपर्यंत निम्मं गाव त्याच्या वहीवर जगतं. भाव विचाराल तर शहरातल्या सुपरमार्केटपेक्षा जास्तच. मी एकदा पप्पांना हिशोब करून दाखवला, बघा, महिन्याला एवढे जास्त जातात. पप्पा म्हणाले, "बरोबर आहे. आता ऑगस्टमध्ये त्या सुपरमार्केटात जा आणि म्हण, पैसे दिवाळीनंतर देते." मी गप्प बसले. पण म्हणून उधारी चांगलीच, असंही नाही बरं का. वही दोघांकडं पाहिजे. दुकानदाराच्या वहीत लिहिलं की आपल्या फोनमध्ये फोटो. आम्ही आता तेच करतो, आणि दुकानदारालाही ते बरंच वाटतं, भांडण मिटलं.

आणि सुपरमार्केटला नावं ठेवायची नाहीत. मला तिथली एक गोष्ट मनापासून आवडते: तिथं कुणी विचारत नाही, तू कुणाची पोरगी. सॅनिटरी पॅड स्वतः फळीवरून उचलायचे, टोपलीत टाकायचे, निघायचं. वर्तमानपत्रात गुंडाळणं नाही, दुकानातल्या चार बाप्यांनी नजर फिरवणं नाही. मुलींनो, तुम्हाला कळलं असेल मी काय म्हणते ते.

फक्त ऑफरच्या पाटीवर जाऊ नका. पाकिटावर छापील किंमत असते, तिच्यात सगळे कर आलेले असतात, त्यापेक्षा जास्त कुणी घेऊ शकत नाही. त्याच्याजवळ आता बारीक अक्षरात ग्रॅमचा किंवा किलोचा भावही छापलेला असतो. तो वाचा. किलोसारखं दिसणारं पाकीट 800 ग्रॅमचं निघतं, हे मी स्वतः घरी येऊन काट्यावर ठेवल्यावर पाहिलंय.

आणि छत्रपती संभाजीनगरचा मॉल? गेलो ना! 60 किलोमीटरवर तर आहे. नवरीला सॅंडल घेतली, सरकत्या जिन्यावर आजीचा व्हिडिओ काढला, आईस्क्रीम खाल्लं. खरेदी एक, आठवणी दहा. त्यासाठी मॉल छान आहे.

आणि हातातला फोन

आता माझी फजिती. बहिणीला रिसेप्शनसाठी घागरा पाहिजे होता, व्हिडिओतल्या नटीसारखा. मी एका ॲपवरून मागवला. 2,300 रुपये. पार्सल आलं त्या दिवशी घरात पाहुणे, ते तसंच कपाटात ठेवलं. हळदीच्या आदल्या दिवशी उघडलं. रंग वेगळा, कापड कांद्याच्या पातीसारखं पातळ. परत करायची मुदत सात दिवसांची, ती संपलेली. शेजारच्या गावच्या मैत्रिणीनं मुदतीत तक्रार केली होती, तर तिला उत्तर आलं, तुमच्या पिनकोडवरून परत न्यायची सोय नाही. म्हणजे आणून द्यायला पिनकोड चालतो, परत न्यायला चालत नाही!

तेव्हापासून माझी सवय: मागवायच्या आधी आपल्या पिनकोडला परत न्यायची सोय आहे का ते बघायचं. पार्सल त्याच दिवशी उघडायचं, उघडताना व्हिडिओ काढायचा. आणि कुणी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. तिथं फोन करायचा.

फोनचे उपकारही आहेत हं. भावाची स्पर्धा परीक्षेची पुस्तकं ऑनलाइनच स्वस्त पडली. मिक्सर घेताना फोनवरचा भाव दाखवला, तर जालन्यातल्या दुकानदारानं तेवढा उतरवला नाही, पण म्हणाला, "बिघडला तर हितं आणा, मी बघतो." मी जास्तीचे पैसे दिले. तीन महिन्यांत भांड्याचं झाकण तुटलं, त्यानं बसवून दिलं. म्हणजे ते जास्तीचे पैसे मिक्सरचे नव्हतेच, त्या "हितं आणा" या शब्दाचे होते.

मग घ्यायचं कुठं?

कोरियात हा झगडा आपल्या आधी झालाय. मोठी दुकानं आली आणि जुने बाजार ओस पडायला लागले. मग 2012 पासून तिथं मोठ्या सुपरमार्केटना महिन्यातून दोन दिवस सक्तीनं बंद ठेवायला लावलं, बहुतेक ठिकाणी रविवारी. जुन्या बाजारातच चालतील अशी कुपनंही सरकारनं काढली. पण त्यानं गिऱ्हाईक खरंच बाजारात परतलं, की घरात बसून फोनवरूनच मागवायला लागलं, यावर तिकडं अजून वाद चालू आहे. काही शहरांनी तर बंदचा दिवस रविवारवरून दुसऱ्या वारी नेला. म्हणजे नुसतं दार बंद करून माणूस बाजारात येत नाही. त्याला बाजार वापरता यायला पाहिजे.

म्हणून मी आता काहीही घ्यायच्या आधी तीन प्रश्न विचारते. एक, याचा खरा भाव मला कळतो का? दोन, वस्तू हातात घेऊन बघणं गरजेचं आहे का? तीन, बिघडलं तर मी कुणाच्या दारात जाणार? पुस्तकाला दुसरा आणि तिसरा प्रश्न फारसा लागत नाही, ते फोनवर घ्या. साडीला दुसरा लागतो, दुकानात जा. बियाण्याला तिसरा सगळ्यात मोठा, म्हणून पक्की पावती आणि पिशवीवरचा लेबल पीक निघेपर्यंत जपून ठेवा. उगवलं नाही तर तोच कागद तुमच्या बाजूनं बोलतो.

घागऱ्याचं काय झालं, विचाराल. आत्यानं तो पाहिला, काही बोलली नाही. बाजारात तिच्या समोर एक शिंपीकाका मशीन घेऊन बसतात, त्यांच्याकडं घेऊन गेली. त्यांनी आतून अस्तर लावलं, वरून आईच्या जुन्या साडीचा काठ बसवला. रात्री नऊला तयार! रिसेप्शनमध्ये तीन जणींनी विचारलं, "कुठून घेतला गं?" बहीण म्हणाली, "कोरियाहून." आणि आत्या पहिल्या रांगेत बसून तोंडाला पदर लावून हसत होती.

तर मंडळी, तुमच्या गावचा बाजार कुठल्या वारी असतो आणि तिथं एकच वस्तू घ्यायची तर कुठली, हे मला व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात सगळ्यांचे आवाज लावू. आणि या आठवड्यात एकदा तरी बाजारात जा. सकाळी गेलात तर भाव देऊन या. भेटू!